एकेचाळीस गठ्ठे

गिली लोंतार, १४ जानेवारी

सुहिर,

सलाम. तू फोन उचलत नाहीस, मेसेज बघून न बघितल्यासारखं करतोस, म्हणून हा कागद. होडीवाल्या अमाक रासिपच्या हाती पाठवतेय. त्याला मातारामच्या बाजारात जायचंच आहे. तू वाचून संपवेपर्यंत तो तुझ्या दारातून हलणार नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. म्हातारा दिसायला मऊ आहे, पण एकदा बसला की बसला, हे तुला माहीत आहे.

तीन दिवस पश्चिमेचा वारा होता. आज सकाळी थांबला. उत्तरेच्या किनाऱ्यावर, कासवं अंडी घालायला येतात तिथे, गठ्ठे येऊन पडलेत. बाटल्यांचे, पिशव्यांचे, शांपूच्या पुड्यांचे. दाबून, बांधून, नीट केलेले. आधी आम्ही हसलो. दुसऱ्या कुठल्यातरी बेटावर आपल्यासारखंच काम चालतं आणि त्यांचा माल समुद्रात गेला, असं वाटलं. जुमिराह तर म्हणाली, "बांधणी बरीय हो त्यांची, आपल्याहून चांगली."

मग इनाक साहनेप वाकली. तिने एक गठ्ठा उलटा केला, दोरीची गाठ बोटांत धरून उलटसुलट बघितली.

"रुमेनाह," ती म्हणाली, "ही माझ्या हातची गाठ आहे."

आपल्या बायकांना दुसरी गाठ येतच नाही. पर्यटक यायच्या आधी समुद्रातल्या शेवाळाची रोपं दोरीला बांधायला आयांनी जी शिकवली, तीच आम्ही गठ्ठ्याला मारतो. आणि प्रत्येकीच्या गाठीला रंगीत शेपटी. साहनेपची लाल, जुमिराहची हिरवी, माझी निळी. तूच सुरू केलंस ना हे? "ताई, कुणाचा गठ्ठा सैल निघाला ते कारखान्यात कळायला हवं," म्हणाला होतास. ते आता इथे कळलं. एकही सैल निघालेला नाही. इतके दिवस पाण्यात राहूनही नाही.

एकेचाळीस मोजले. त्यातले सहा माझे.

आता मी काय केलं ते ऐक. अकरा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. कचऱ्याची शेड मी चालवते, समुद्रापलीकडचं सगळं तू बघतोस, मग विचारणार कुणाला? माझ्या तोंडून निघून गेलं, "होडी उलटली होती गं. सुहिरने सांगितलं होतं, मीच विसरले." त्यांनी लगेच विश्वास ठेवला. साहनेप म्हणाली, "मग आधी बोलायचं नाही का? काळीज हललं ना माझं." आणि सगळ्या गठ्ठे ओढायला लागल्या.

मी तुझ्यासाठी खोटं बोलले, तू मागायच्याही आधी. आता मला तोंडघशी पाडू नकोस. होडी उलटली होती, एवढंच मला सांग. मी मानेन.

रुमेनाह


२० जानेवारी

सुहिर,

तू फोनवर पाठवलेला आवाज ऐकला. "हो ताई, उलटली होती बघ ऑक्टोबरात. तुला सांगायचं राहूनच गेलं." किती पटकन म्हणालास रे! मी शिवून दिलेला सदरा माप न बघता अंगात चढवलास.

जुमिराह शेडवर कधी आली? नोव्हेंबरच्या शेवटी. एकेचाळीस गठ्ठ्यांत तीन हिरव्या शेपट्या आहेत. ऑक्टोबरात बुडालेल्या होडीत तिचे गठ्ठे कसे चढले? खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोल. लहानपणी साखर खाऊन ओठ न पुसता यायचास, तसाच आहेस अजून.

काल मी अमाक रासिपला म्हटलं, मला पलीकडे ने. त्याने काही विचारलं नाही. आधी आम्ही प्लास्टिक दळायच्या कारखान्यावर गेलो. दोन तासांची वाट, बसमध्ये शेळ्या, मला उलटी झाली. फाटकाला साखळी आणि साखळीवर वेल चढलेला. समोर टायरवाला बसतो. तो म्हणाला, "बंद होऊन चौदा महिने झाले, बाई. इथवर कोण येतंय आता? तुमच्या बेटाचा ट्रक ना? तो बर्फाच्या कारखान्यामागे वळतो."

बर्फाच्या कारखान्यामागची ती कोरडी नदी तुला ठाऊक आहे. आता ती कोरडी नाही. पाणी तपकिरी, दोन्ही काठांवर आमचे गठ्ठे, काही फुटलेले, काही झाडांच्या मुळांत अडकलेले. जितकी नजर जाते तितके. लाल शेपट्या, पिवळ्या, निळ्या. मी मोजले नाहीत. एक बाई शेळ्या चारत होती. मी विचारलं, कोण टाकतं हे?

"हसऱ्या तोंडाचा एक आहे. चांगला आहे बिचारा, माझ्या पोरींना बिस्किटं देतो. म्हणतो, मावशी, पाऊस येईपर्यंत राहू दे, मग नेतो."

"आला की पाऊस," मी म्हटलं.

"आला ना. आणि नेलंही," ती म्हणाली आणि हसली. मलाही हसू आलं. मग मी तिथेच दगडावर बसले.

सुहिर, आपला बाप आपल्याला होडीत बसवून काय शिकवायचा? पश्चिमेच्या वाऱ्यात त्या नदीच्या तोंडाशी करवंटी टाकली, तरी ती आपल्याच उत्तर किनाऱ्याला लागते. शहरात पाच वर्षं राहिलास आणि वारासुद्धा विसरलास? की तुला वाटलं, समुद्र तुझं ऐकेल, सगळे ऐकतात तसा?

त्या शांपूच्या पुड्या आम्ही एकेक करून धुतल्या. कारखाना मळकट माल घेत नाही, म्हणाला होतास. साहनेपच्या तळहातावर काचेने कापल्याची खूण आहे. सहा टाके पडले होते आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा टबापाशी बसली होती, एका हाताने धूत. "आपलं प्लास्टिक फळ्या होऊन परत येणार, धक्क्याला लागणार, माझी नातवंडं त्यावरून उड्या मारणार," असं सगळ्यांना सांगत फिरायची. तू तिच्याबरोबर फोटो काढलास तो दिवस आठवतो? तिचा हात धरून, पट्टीसकट. तेव्हा कारखाना बंद होता. तुला माहीत होतं, आणि तू तिचा हात धरलास.

तू आमचा केसाने गळा कापलास. परक्याने कापला असता तर मी ओरडले तरी असते.

परतीच्या वाटेवर अमाक रासिप एकच बोलला. "घर तुझं, तोंडही तुझं. मी कुठे काही पाहिलं नाही." आणि वल्हं मारत राहिला. मशीन बंद पडलं होतं.

रुमेनाह


२७ जानेवारी

सुहिर,

तुझ्या आवाजाचे तीन तुकडे मिळाले. पहिल्यात रडलास, दुसऱ्यात समजावलंस, तिसऱ्यात धमकावलंस. तिन्ही मी शेडच्या मागे उभं राहून ऐकले.

म्हणे कारखाना अचानक बंद झाला. म्हणे दुसरा शोधत होतास. म्हणे आज सांगू, उद्या सांगू करता करता राहिलं. हे सगळं मी मानते. पहिल्या महिन्याचं मानते. चौदा महिन्यांचं कसं मानू? त्या चौदा महिन्यांत तू सुराबायाला गेलास, बालीला गेलास, मंचावर चढून "आमच्या बेटावरचा कचरा बेटावरच वस्तू होऊन परततो" असं सांगितलंस. आपल्या आईने, इनाकने, ती चित्रफीत शेजारणींना बोलावून बोलावून दाखवली. तेव्हा ती इतकी गोड हसत होती, तू बघायला हवं होतंस.

आणि आता प्रांताचे पाहुणे बारा फेब्रुवारीला बेट बघायला येणार, तोवर गठ्ठे झाकून ठेव, म्हणतोस. ते खूश झाले तर बेटावरच दळायचं यंत्र येईल, मग जुनं सगळं फिटेल. बरं. मी झाकले. हो, झाकले. मासेमारीची जुनी जाळी आणि ताडपत्र्या टाकल्या. बायकांना म्हटलं, कासवांना त्रास नको म्हणून. असलं कारण कुणी मानेल का? पण त्यांनी मानलं, कारण मी सांगितलं. जुमिराह तेवढी माझ्याकडे बघून म्हणाली, "कासवं पण पाहुण्यांना घाबरतात वाटतं." ही पोरगी पुढे मला भारी पडणार.

तिसऱ्या तुकड्यात तू म्हणालास, "ताई, तुलाही ठाऊकच होतं की." मला काय ठाऊक होतं? मला काहीही ठाऊक नव्हतं. हे पुन्हा बोलू नकोस.

तुला एक सांगते, जे तू कुठल्याही मंचावरून सांगितलेलं नाहीस. शेड सुरू झाल्यापासून बेटावर बाटल्या कमी झालेल्या नाहीत. वाढल्यात. पूर्वी धक्क्याजवळच्या हॉटेलवाल्या पाक फौजानला बाटल्यांचा ढीग मागे टाकताना लाज वाटायची. आता तो पाहुण्यांना छाती पुढे काढून सांगतो, "बिनधास्त प्या, आमच्याकडे सगळं पुन्हा वापरतात." घोडागाडीवाला परवा म्हणत होता, पूर्वी एक खेप व्हायची, आता घोड्याला तीन माराव्या लागतात. आम्ही जितकं नीट धुतलं, तितकी त्यांची मनं स्वच्छ झाली. घाण कुठे गेली ते तुला आणि त्या शेळीवालीला माहीत.

मी रागावलेय असं समजू नकोस. राग उतरतो. मी तुला सात वर्षांचा असल्यापासून वाढवलं, बाप गेल्यावर. माझं लग्न मोडलं तेव्हा लोक म्हणाले, भावाच्या पायात अडकली म्हणून मोडलं. मी म्हटलं, मोडू दे. आज मला वाटतं, मी एवढं कुणासाठी केलं? तो तूच होतास का?

रुमेनाह


३ फेब्रुवारी

सुहिर,

आता लक्ष देऊन वाच. हे पत्र भांडायला लिहीत नाहीये.

रविवारी पुन्हा वारा सुटला. ताडपत्र्या उडाल्या आणि आणखी एकोणीस गठ्ठे लागले. सगळा गाव किनाऱ्यावर. वाडीप्रमुख पाक मुहिद्दीन स्वतः आले, चपला हातात घेऊन. त्यांनी विचारलं, ही कुठली होडी उलटली? कुणाची? कधी? आणि मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. आपले गठ्ठे पलीकडे नेतो तो एकच माणूस. अमाक रासिप.

मी होडी उलटली म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात होडी कुणाची हा विचारच आला नव्हता. होडी म्हणजे नुसती होडी. म्हाताऱ्याच्या गळ्याला मी फास लावला आणि मला कळलंही नाही.

पाक मुहिद्दीननी त्याला विचारलं, "साठ गठ्ठे समुद्रात घालवलेस आणि कुणाला बोलला नाहीस?" तो माझ्याकडे बघायलासुद्धा वळला नाही. म्हणाला, "रुमेनाह म्हणते उलटली, तर उलटली असेल." त्याने ती नदी पाहिली आहे, सुहिर. माझ्या शेजारी उभं राहून पाहिली आहे. तो चार शब्द बोलला असता तर सुटला असता.

आविग-आविगच्या, गावाच्या नियमांच्या, वहीत काय लिहिलंय ते तुला मी सांगायला नको. लहानपणी आपण अशा फेऱ्यांच्या मागे टाळ्या वाजवत पळायचो. गळ्यात पाटी, बेटाभोवती पायी एक फेरी, आणि मग धक्क्यावरून कायमची पाठवणी. चोराला जे, तेच समुद्र घाण करणाऱ्याला. हे कलमही तूच घालायला लावलंस, तीन वर्षांपूर्वी, आणि गावाने टाळ्या वाजवल्या. अमाक रासिप सदुसष्ट वर्षांचा आहे. त्याचा जन्म या बेटाचा, त्याची होडी इथली, तो पलीकडे कुणाकडे जाईल?

शुक्रवारच्या नमाजनंतर मशिदीशेजारच्या बरुगावर, त्या उघड्या मंडपात, सभा आहे. तू ये. स्वतःहून येऊन कबूल करणाऱ्याला पाटी नाही आणि पाठवणीही नाही, वर्षभर गावाचं काम तेवढं, हेही त्याच वहीत आहे. मी पाक मुहिद्दीनना आडून विचारून घेतलंय. वर्षभर शेडवर बस माझ्याजवळ. पुड्या धू. लोक चार दिवस टोमणे मारतील. मी मारेन त्यांतले निम्मे.

आता मागच्या पत्रातलं एक वाक्य मला खोडायचंय. मला ठाऊक नव्हतं, असं मी लिहिलं. गेल्या वर्षी, आंब्याच्या दिवसांत, अमाक रासिप हसत हसत म्हणाला होता, "तुझ्या भावाचा ट्रक उडतो वाटतं. पलीकडे चुलीवर ठेवलेला माझा भात शिजायच्या आत कारखान्यावर जाऊन परत!" जायला दोन तास, यायला दोन तास. मी पण हसले. म्हटलं, शहरातले ड्रायव्हर वेगात चालवतात. आणि त्यानंतर गठ्ठे पोचवून रासिपची होडी परत येताना दिसली की मी शेडमध्ये काहीतरी काम काढायची, म्हणजे वेळ बघायला नको. तू इनाकला नवी खोली बांधून दिली होतीस. शेडला बायका येत होत्या. मला तुझी ताई म्हणून किंमत आली होती. मी मूग गिळून बसले.

तेव्हा तूही बरोबर होतास. मला ठाऊक होतं. जेवढं बघायचं नाही म्हटलं, तेवढं सगळं.

पण रासिपला काही ठाऊक नव्हतं. तो नुसता विनोद करत होता. शुक्रवारी ये, सुहिर. मी कधी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

ताई


७ फेब्रुवारी

सुहिर,

तू आला नाहीस. दुपारची शेवटची बोट येईपर्यंत मी धक्क्यावर उभी होते. उन्हात. पाक फौजान हॉटेलातून ओरडला, "कुणी खास पाहुणा येतोय का?" मी म्हटलं, भाऊ येतोय.

पण तू आवाज पाठवलास. माझ्याकडे नाही, पाक मुहिद्दीनकडे. त्यांनी तो फोन मशिदीच्या ध्वनिवर्धकाला लावला, सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून. म्हणजे तुझा आवाज सगळ्या बेटावर गेला. पर्यटकांनीसुद्धा ऐकला, त्यांना वाटलं असेल अजान.

"अमाक रासिपनी माझे पाय धरले होते, म्हणाले कुणाला सांगू नको, माझी होडी जाईल. मोठा माणूस, म्हणून मी गप्प बसलो. माझी तेवढी चूक झाली. गावाने त्यांना माफ करावं, अशी माझी विनंती आहे."

माफ करावं! तुझ्या आवाजात पाणी होतं, सुहिर. तुला ते कसं जमलं? बरुगावरच्या बायका पदराला डोळे पुसत होत्या. रासिपच्या बायकोने खाली बघितलं. आणि तो स्वतः, त्याने फक्त एवढं केलं, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी उठले. पुढचं मला नीट आठवत नाही. साहनेप सांगते, मी ओरडत नव्हते, हळू बोलत होते. मी बर्फाच्या कारखान्यामागची नदी सांगितली. चौदा महिने सांगितले. फाटकावरचा वेल सांगितला. तुझं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. मग ट्रक उडतो म्हणालेला विनोद सांगितला, आणि त्यावर मी काय केलं तेही. होडी उलटली हे माझं खोटं होतं, तेही.

पाक मुहिद्दीननी रासिपकडे बघितलं. "तू का बोलला नाहीस?"

"तिचा भाऊ आहे," रासिप म्हणाला. "तिला वेळ लागणारच की."

तुला या बेटावर पाय ठेवायला बंदी झाली आहे. कायमची. वहीत घरातल्या मोठ्या माणसाची सही लागते. इनाकला बोलवायला माणूस जाणार होता, मी म्हटलं नको. सही मी केली.

पाटी रासिपसाठी आणून ठेवली होती, पाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा आणि सुतळी. मी म्हटलं, ती मला द्या. पाक मुहिद्दीन म्हणाले, "बाईला आजवर कधी फिरवलेलं नाही." मी म्हटलं, "आजवर बाईने कधी गावाला फसवलंही नसेल." काय लिहायचं यावर पाच मिनिटं वाद झाला. शेवटी मीच सांगितलं, 'मी खोटं बोलले' एवढं लिहा, माझी मान बारीक आहे, फार शब्द मावणार नाहीत. कुणीतरी हसलं. मग सगळेच थोडे हसले. कबूल केलं म्हणून पाठवणी नाही, पाटी आणि फेरी मी मागून घेतली.

बेटाची फेरी दीड तासाची. शेडच्या बायका उत्तरेला गठ्ठ्यांपाशी उभ्या होत्या. मला वाटलं, तोंड फिरवतील. काहींनी फिरवलंच. जुमिराहने तर पाठच केली. साहनेप माझ्यासमोर आली, तिचा तो टाके पडलेला हात कमरेवर. म्हणाली, "चाल सरळ. मान खाली घातलीस तर पाटी दिसत नाही." मग मी मान वर करून चालले. पर्यटक फोटो काढत होते. एका गोऱ्या बाईने विचारलं, हा कुठला सण आहे?

सभेत आणखी एक झालं. साहनेपने उभं राहून कलम सुचवलं: जी होडी भरलेली बाटली आणेल, तिनेच रिकामी परत न्यायची, आणि ती कुठे जाते ते दर महिन्याला आमच्यातली एक जण पलीकडे जाऊन डोळ्यांनी बघणार. पाक फौजान उसळला, "मग पाहुण्यांना पाणी कशातून देऊ?" साहनेप म्हणाली, "मोठ्या जारातून, माठातून, ओंजळीतून दे! तुझी आजी काय बाटलीतून प्यायची?" कलम मंजूर झालं. शेड राहील की नाही माहीत नाही. बायकांनी सांगितलंय, उद्यापासून पुड्या धुणार नाही. हॉटेलवाल्यांनी पुड्या आणायच्याच बंद कराव्या. शांपू त्यांनी बरण्यांत भरून ठेवावा.

हे सगळं तू मंचावरून सांगायला हवं होतंस. तुला किती छान सांगता आलं असतं.

रुमेनाह


११ फेब्रुवारी

सुहिर,

हे पत्र इनाक घेऊन येतेय. तिच्याबरोबर दोन पिशव्या आहेत, एक उशी, आणि रिकामा तांब्या, तो तिला सोडवत नाही. उद्या पाहुणे येतील. गठ्ठे जिथे लागले तिथेच ठेवलेत, उघडे. जुमिराहने प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी लावली आहे. माझ्याशी बोलत नाही, पण चिठ्ठ्यांसाठी खळ मागायला आली होती.

ध्वनिवर्धकावर माझंही बोलणं गेलं होतं. मी घरी आले तेव्हा इनाक नव्या खोलीत पलंगावर बसली होती. पाटी माझ्या गळ्यातच होती, काढायचं भान नव्हतं. तिला वाचता येत नाही. तिने विचारलं, "काय लिहिलंय?" मी सांगितलं.

ती म्हणाली, "वर्षभर गप्प बसलीस. अजून एक वर्ष बसली असतीस, तर काय बिघडलं असतं?"

मी म्हटलं, "इनाक, रासिपला घालवणार होते."

"रासिप माझ्या पोटचा आहे का?"

मग तिने दुसरं विचारलं. "तो कधीच येणार नाही? मी मेल्यावरसुद्धा नाही?" मी म्हटलं, नाही. कलमात तसं काही लिहिलेलं नाही. तिने तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी सकाळी तिने पिशव्या भरल्या. मला म्हणाली, "मला माझ्या मुलाच्या हातची माती हवी. ती जिथे मिळेल, तिथे मी मरेन." मी विचारलं, आणि माझ्या हातची? तिने ऐकलं नाही, किंवा ऐकलं. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि मी डावीकडे उभी होते.

तेव्हा आता सांभाळ तिला. मिरची बंद आहे. गुडघ्याला तेल लावताना खालून वर लावायचं. तिला ट्रकचा धूर सोसत नाही. तू तिला त्या नदीकडे कधी नेऊ नकोस, तिथल्या शेपट्यांचे रंग तिला ओळखू येतील. तिच्यासमोर रडू नकोस, ती लगेच तुझं मानते.

सकाळी निघण्याआधी मी तिला कबरस्तानात घेऊन गेले. आपल्या बापाच्या शेजारची जागा तिने चोवीस वर्षं स्वतःसाठी राखली होती, दर शुक्रवारी येऊन तण काढायची, कुणाला तिथे पायही ठेवू द्यायची नाही. आजही तिने तण काढलं. मग हात झटकले आणि मला म्हणाली, "ही जागा आता तू घे. मला लागणार नाही."

होडी अमाक रासिप चालवतोय. भाडं नको म्हणाला.

रुमेनाह